थकवा की आळस?

एखाद्याला आपण आळशी म्हणतो तेव्हा आपल्यापाशी पुरावा कोणता असतो? हा प्रश्न मला बावन्नाव्या वर्षी पडला, आणि तोही धावण्याच्या निमित्ताने.

वजन उतरवा, असे डॉक्टरांनी बजावले होते. ऑगस्टमध्ये हैदराबाद मॅरेथॉनच्या दिवशी हुसेनसागराच्या काठाने धावणारी माणसे पाहिली आणि मनाने घेतले. मुलाने नवशिक्यांसाठीचा नऊ आठवड्यांचा क्रम कागदावर लिहून दिला. एक मिनिट धावायचे, दीड मिनिट चालायचे, असे वीस मिनिटे, आणि आठवड्यातून फक्त तीन दिवस. मला तीन दिवस म्हणजे पोरखेळ वाटला. मी सहा दिवस सुरू केले. पहाटे साडेपाचला नारायणगुड्याचा उड्डाणपूल मोकळा असतो. त्या वेळी घरातून निघायचे, इंदिरा पार्क गाठायचा आणि तेथे धावायचे. रविवार तेवढा सुटे, तोही उपासनेमुळे. शिवाय रात्रीची भाकरीही बंद केली, म्हणजे वजन लवकर उतरेल!

तिसऱ्या आठवड्यात अंगातले बळ कोणीतरी काढून घेतल्यासारखे झाले. दुपारी कचेरीत डोळे मिटू लागले, जिना चढताना पाय जड होत. एका रविवारी तर शब्बाथशाळेत मुले पाठांतर म्हणत असताना मला डुलकी लागली आणि वर्ग खो खो हसला. थकव्यापेक्षा लाजच अधिक वाटली. पासष्टीची माणसे पार्कात माझ्यापुढून निघून जात होती. मी स्वतःला म्हटले, हा आळस आहे, याला दाद द्यायची नाही. आणि आणखी जोराने धावलो.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समजावले ते थोडक्यात असे. नव्याने श्रम सुरू झाले की शरीर रक्तातला पातळ भाग वाढवते. त्यामुळे काही काळ हिमोग्लोबिनचे प्रमाण तपासणीत कमीही दिसू शकते. स्नायूंत साठवलेली साखर श्रमाने खर्च होते, ती अन्नानेच भरून निघते. धावताना स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होतात, आणि त्या धावताना नव्हे, तर विश्रांतीत व झोपेत भरून येतात. बळ वाढते ते त्याच वेळी. धावता धावता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, असे समजावे. छातीत दुखणे, चक्कर, छातीची धडधड किंवा विश्रांतीतही लागणारी धाप असेल तर मात्र थांबून तपासून घ्यावे; आणि आठवडे गेले तरी थकवा उतरत नसेल तर रक्त, थायरॉईड, साखर पाहावी. माझ्या तपासण्या ठीक निघाल्या. मी अपुरे खात होतो आणि विश्रांतीचे दिवस चोरत होतो, एवढेच.

येथपर्यंत गोष्ट माझी. पुढची मला सांगताना जड जाते.

डॉक्टर बोलत असताना सौ. शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, "मलाही दोन वर्षे असेच होते." दोन वर्षे! आणि त्या दोन वर्षांत मी तिला काय सांगितले होते? सकाळी लवकर उठत जा, फिरायला जात जा, म्हणजे उत्साह येईल. तिचे हिमोग्लोबिन साडेआठ निघाले. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे भारतात 15 ते 49 वयाच्या शंभरपैकी 57 स्त्रियांना रक्तक्षय आहे. पुरुषांत हेच प्रमाण 25 आहे. हा आकडा मी वर्तमानपत्रात वाचलेला होता. वाचून पान उलटले होते.

माझा थकवा मी हौसेने ओढवून घेतलेला, म्हणून त्याला मान. कचेरीतले लोक कौतुकाने विचारत. तिचा थकवा धुण्याभांड्यांचा, कोणी न निवडलेला, म्हणून त्याला नाव आळस.

कोणी म्हणेल, मग जगात आळस नाहीच काय? आहे, मी तो स्वतःत ओळखतो. परंतु तो बाहेरून ओळखता येतो का, याची मला आता शंका आहे. आतूनही नेहमी येतो असे नाही. एरिक लिडेलचे नाव आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या म्हणून तो त्या शर्यतीत उतरला नाही, आणि चारशे मीटर 47.6 सेकंदांत जिंकला. ही गोष्ट आपण मुलांना नेहमी सांगतो. तिचा शेवट क्वचितच सांगतो. चीनमधील विहसीनच्या बंदिछावणीत, मुलांना शिकवत व त्यांचे खेळ घेत असताना, तो खचत गेला. 21 फेब्रुवारी 1945 रोजी, मृत्यूच्याच दिवशी, पत्नीला लिहिलेल्या पत्रात त्याने अतिश्रमाने मन खचल्याचे लिहिले. वस्तुतः त्याच्या मेंदूत गाठ होती. इतक्या प्रामाणिक माणसालाही स्वतःच्या थकव्याचे कारण कळले नव्हते. मग दुसऱ्याच्या थकव्याचा निवाडा मी कोणत्या अधिकाराने करत होतो?

एलीयाची गोष्ट मी कितीदा शिकवली आहे! अहाबाच्या रथापुढे तो इज्रेलपर्यंत धावला, आणि त्यानंतर लवकरच रतामाच्या झुडुपाखाली मरण मागत पडला. देवदूताने त्याला आधी भाकर व पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. तू येथे काय करतोस, हा प्रश्न त्याला होरेबात गेल्यावर विचारला गेला. हा क्रम इतक्या वर्षांत माझ्या नजरेतून निसटला होता.

आता मी मंगळवार, गुरुवार, शनिवार एवढेच धावतो, हळू. सौ.ला लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. सकाळचा स्वयंपाक मी शिकतो आहे. भात जमतो, भाकरीला अजून वेळ आहे.

माझ्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसतो. पाठ सुरू झाला की त्याची मान खाली जाते. मी त्याला दोनदा उभे केले होते. या रविवारी त्याला विचारणार आहे, बाळा, सकाळी काही खाऊन आलास का?