बहिणीची सही

वडिलांचं वर्षश्राद्ध आटोपलं की अनेक घरांत एक कागद तयार होतो. बहिणींना बोलावणं जातं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्यांचा फोटो निघतो, अंगठ्याचा ठसा घेतला जातो. ‘राजीखुशीने देताय ना?’ असं विचारलं की त्या ‘हो’ म्हणतात. मुद्रांक शुल्क नाममात्र. विनामोबदला हक्कसोडपत्र नोंदलं जातं आणि भाऊ सगळ्यांना जेवायला घेऊन जातो.

कायद्याच्या अंगाने इथे खोट काढायला जागा नाही. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला. फक्त त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने तोही भेद संपवला. 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की हा हक्क जन्मानेच मिळतो. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायला हवेत असं नाही. थोडक्यात, भाऊ आणि बहीण कायद्यापुढे समान. तरी 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये बायका होत्या सुमारे 14 टक्के.

‘हक्क दिलाय, ठेवायचा की सोडायचा ते तिचं तिनं ठरवावं,’ असं कुणी म्हटलं तर ते अगदीच चूक नाही. एखादी खरोखर मनापासून सोडते. सगळ्यांच्या हाती सारखाच वाटा पडावा म्हणून हक्कसोडावर बंदी घातली, तर आपण तिला पुन्हा अजाण ठरवू. तिचा निर्णय हिरावून आणलेल्या समतेला तरी काय अर्थ?

पण मग भावाने बहिणीच्या नावे केलेली हक्कसोडपत्रं आपण किती पाहिली? मनाचा मोठेपणा घरोघरी एकाच बाजूला आढळत असेल, तर ती किंमत असते, माहेर टिकवण्याची. दिवाळीला, बाळंतपणाला, नवऱ्याशी बिनसलं तर हक्काने जाता यावं म्हणून ती सही करते. भावाला त्याच घरात राहण्यासाठी काहीच मोजावं लागत नाही. नोंदणीच्या टेबलावर दोन सज्ञान माणसं दिसतात. नाही म्हटल्यावर कुणाचं काय तुटणार आहे, ते तिथे दिसत नाही. ते कळतं वर्षानुवर्षांच्या परिणामांतून. म्हणून कायदा समान झाला तरी परिणामांवरची नजर काढून चालत नाही.

भावांचंही म्हणणं असतं. ‘तिच्या लग्नात खर्च केला’ हे फारसं टिकत नाही. खर्च त्याच्याही लग्नात झालेला असतो. ‘आईवडिलांना मी सांभाळलं’ हे मात्र पुष्कळदा खरं असतं. मग त्याचा हिशेब उघडपणे मांडावा. दवाखान्याची बिलं, विहिरीचं कर्ज त्यात धरावं. सुनेने काढलेलं आजारपण आणि लेकीने रजा टाकून दवाखान्यात काढलेल्या रात्रीही धराव्यात. त्यातून वाटे कमीजास्त निघाले तरी ते न्यायाचे असतील.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ कार्यक्रमात शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करायला सांगितलं, आणि गावोगावच्या पुरुषांनी तो केला. कायद्याची सक्ती नव्हती. ज्याच्या हाती जमीन आहे त्यालाच त्यांनी साद घातली होती. हक्कसोडाच्या बाबतीतही पहिली जबाबदारी लाभ होणाऱ्याचीच.

म्हणून वारसनोंद करताना तलाठ्याकडे सगळ्या भावंडांची नावं द्यावीत. बहिणींची नावं सातबाऱ्यावर ‘इतर हक्कां’त न ढकलता कब्जेदार म्हणून लागली आहेत ना, हे पाहावं. हक्कसोडाचा विषय भावाने स्वतःहून काढूच नये. तिने काढला, तर सही घेण्याआधी चारचौघांत एवढं सांगावं, की तू हिस्सा ठेवलास तरी दिवाळीला मी न्यायला येणार आहे. त्यानंतरही ती सोडते म्हणाली, तर मात्र तिच्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही.