निवडणूक आणि सौजन्य

हौसेने चालणाऱ्या संस्थेत मतांसाठी झगडा शोभतो काय? ज्येष्ठ लेखक मते मागत फिरण्यास राजी नसत, म्हणून अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाची निवडणूक २०१८ साली बंद झाली. पुढील वर्षीच्या यवतमाळच्या संमेलनासाठी अरुणा ढेरे सन्मानाने निवडल्या गेल्या. निवड उत्तमच! परंतु दोष मतपेटीचा नसतो. प्रतिस्पर्ध्याला हिणवणाऱ्या प्रचाराचा असतो, आणि तो निमूटपणे ऐकणाऱ्यांचाही. वर्गणी भरून मतदानाच्या दिवशी घरी बसणारा सभासद पुढे कारभाऱ्यांना नावे ठेवतो, तो कोणत्या अधिकाराने? भजनी मंडळाचेच घ्या. उमेदवाराने आपण काय करणार तेवढे सांगावे, प्रतिस्पर्ध्याचे गुण मोकळेपणाने मान्य करावेत. निकालानंतर दोघांनाही एकाच सतरंजीवर बसून टाळ वाजवायचे असतात.