गोठलेला पौंड

पुण्यात कोथरूडला, नाशिकमध्ये कॉलेज रोडला, कोल्हापुरात ताराबाई पार्कात असे एखादे तरी घर सापडते, जिथले डॉक्टर तीसेक वर्षे इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांत काढून परत आलेले असतात. त्यांच्या पासबुकात दोन नोंदी नियमाने दिसतात. एक ब्रिटिश सरकारच्या पेन्शनची, म्हणजे स्टेट पेन्शनची. दुसरी नोकरीतून मिळालेल्या, म्हणजे एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या पेन्शनची. दोन्ही पौंडांतूनच येतात आणि दोन्हींसाठी पगारातून दरमहा पैसे कापले गेलेले असतात. तरीही दर एप्रिलमध्ये एक वाढते आणि दुसरी वाढत नाही.

आकड्यांनीच बोलू. समजा, हे डॉक्टर एप्रिल 2022मध्ये निवृत्त होऊन लगेच परतले. स्टेट पेन्शन तेव्हाच्या पूर्ण दराने, आठवड्याला 185.15 पौंड. (प्रत्यक्षात एनएचएसवाल्यांची थोडी कमीच बसते. 2016पर्यंत त्यांच्याकडून सरकारी विम्याचा हप्ता कमी घेतला जाई, त्याची वजावट पुढे होते. हिशोबापुरती पूर्ण धरू.) एनएचएसची पेन्शन वर्षाला 30,000 पौंड. ही दुसरी रक्कम आदल्या सप्टेंबरच्या महागाई दराने वाढते : एप्रिल 2023मध्ये 10.1 टक्के, 2024मध्ये 6.7, 2025मध्ये 1.7. तीन वर्षांत 30,000चे 35,800च्या वर गेले. स्टेट पेन्शनही ब्रिटनमध्ये वाढली, 185.15वरून 230.25 झाली. पण ती लेस्टरला राहिलेल्या सहकाऱ्याची. कोथरूडच्या डॉक्टरांना 2025मध्येही आठवड्याला 185.15च. वर्षाचा फरक सुमारे 2,345 पौंड, आणि हा फक्त तीन वर्षांत पडलेला.

ब्रिटनमध्ये याला 'फ्रोझन पेन्शन' म्हणतात. ही घटना एकट्यादुकट्याची नाही. जगभरात साडेचार लाखांच्या घरात माणसे अशी आहेत, बहुतेक ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिकेत. आपल्याकडे संख्या कमी असल्याने तिची बातमी होत नाही.

नियम साधा आहे. स्टेट पेन्शन जगात कुठेही मिळते, पण तिची वार्षिक वाढ मिळते ती ब्रिटनमध्ये, युरोपीय देशांत आणि ज्यांच्याशी तसा करार आहे अशा मोजक्या देशांत राहणाऱ्यांना. 2010च्या दशकात ब्रिटनने या वाढीला 'ट्रिपल लॉक' लावला : महागाई, सरासरी पगारवाढ किंवा अडीच टक्के, यांतले जे जास्त असेल ते. असे तिहेरी कुलूप लावलेली तिजोरी सामान उचलून मुंबई विमानतळावर उतरले की आपल्यापुरती बंदच होते.

देशांची यादी पाहिली तर तर्क सापडत नाही. अमेरिकेत राहणाऱ्याला वाढ मिळते, कॅनडात राहणाऱ्याला नाही. म्हणजे नायगारा धबधब्याच्या अमेरिकेकडच्या काठावर घर घेतले तर वाढ, कॅनडाच्या काठावर घेतले तर नाही. फिलिपिन्स आणि तुर्कस्तान यादीत आहेत, भारत आणि पाकिस्तान नाहीत. जमैका आणि बार्बाडोस आहेत, त्रिनिदाद नाही. आणि लंडनच्या बसगाड्या, रुग्णालये चालवायला या सगळ्याच बेटांवरून माणसे गेली होती. ब्रेक्झिट करून युरोपशी काडीमोड घेताना मात्र स्पेनच्या किनाऱ्यावर जाऊन राहिलेल्या इंग्रजांची वाढ ब्रिटनने नव्या करारात नीट राखली. इच्छा असली की करार होतो, हे यातून पुरेसे कळते.

हा प्रश्न कोर्टातही गेला. ॲनेट कार्सन या ब्रिटिश बाई 1990मध्ये दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झाल्या. 2000मध्ये त्यांची बेसिक पेन्शन आठवड्याला 67.50 पौंड ठरली आणि तिथेच थांबली. 2005मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. न्यायाधीशांपैकी लॉर्ड कार्सवेल यांनी तेवढा वेगळा सूर लावला. मग स्ट्रासबर्गचे मानवाधिकार न्यायालय. तिथल्या मोठ्या पीठाने 16 मार्च 2010 रोजी 11 विरुद्ध 6 मतांनी सरकारचीच बाजू उचलून धरली. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की नॅशनल इन्शुरन्सचे, म्हणजे त्या सरकारी विम्याचे, हप्ते ही तुमच्या नावाने साठवलेली पुंजी नव्हे. ते पैसे सरकारच्या सार्वजनिक खर्चात जातात, पेन्शन हा देशातल्या लोकांच्या कल्याणाच्या व्यवस्थेचा भाग आहे, आणि जो देशाबाहेर राहतो त्याची परिस्थिती देशात राहणाऱ्यासारखी नाही.

निकाल पटो न पटो, स्टेट पेन्शन म्हणजे काय हे त्याने सरळ सांगून टाकले आणि मला तो प्रामाणिक वाटतो. आपण तिला कमाई समजतो; सरकार तिला धोरण समजते. नोकरीतली पेन्शन हा राखून ठेवलेला पगार असतो. तिच्या नियमात 'सभासद' असतो, त्याचा पत्ता पाठवण्यापुरता लागतो. स्टेट पेन्शनच्या नियमात 'रहिवासी' असतो, आणि पत्ता बदलला की हक्कच बदलतो. गंमत अशी की गोठलेली पेन्शन घेणारा काही आठवड्यांसाठी मुलीकडे लंडनला गेला आणि त्याने कळवले, तर तेवढ्या मुक्कामापुरता त्याला चालू दर मिळतो. परतला की पुन्हा जुना.

यात मतपेटीचाही भाग आहे. परदेशी राहणाऱ्या ब्रिटिश नागरिकांचा पंधरा वर्षांनी जाणारा मताधिकार जानेवारी 2024पासून कायमचा झाला. भारतीय पासपोर्टवर राहिलेला डॉक्टर ब्रिटनमध्ये असेपर्यंत राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून तिथल्या पार्लमेंटसाठी मत देऊ शकत होता, आणि परतल्या दिवशी तो अधिकार संपला. ज्याचे मत नाही त्याची पेन्शन वाढवायची घाई कोणत्या अर्थमंत्र्याला असणार?

म्हणून नोकरीची पेन्शन ती सोन्याची असेही समजू नये. वृत्तपत्रमालक रॉबर्ट मॅक्सवेल 1991मध्ये बोटीवरून समुद्रात पडून मेला तेव्हा मिरर वृत्तपत्रसमूहाच्या कामगारांच्या पेन्शन फंडातून कोट्यवधी पौंड गेलेले निघाले. त्यानंतर कायदे कडक झाले, 2005मध्ये बुडालेल्या कंपन्यांच्या योजनांसाठी संरक्षण निधी उभा राहिला. पण खासगी कंपनीतली, शेवटच्या पगारावर बेतलेली पेन्शन असेल तर एप्रिल 1997च्या आधीच्या नोकरीवर वाढ देण्याची सक्ती साधारणपणे कायद्यात नाही. 1997 ते 2005च्या सेवेला वर्षाला 5 टक्क्यांची मर्यादा, नंतरच्या सेवेला अडीचची. ज्या वर्षी महागाई 10 टक्के होती, त्या वर्षी ही कुंपणे चांगलीच टोचली. गेल्या वीस वर्षांत आयटीत गेलेल्या आपल्या मुलांच्या वाट्याला तर हेही नाही. त्यांच्याकडे आहे तो फंड : 2012पासून सुरू झालेल्या सक्तीच्या नोंदणीतला, पगाराच्या ठरावीक पट्ट्यावर किमान 8 टक्क्यांचा. त्यात वचन कुणाचेच नाही, फक्त शिल्लक असते. ती शिल्लक मात्र सिंहगड रोडला गेल्याने गोठत नाही, ही तिची जमेची बाजू.

'रुपया घसरतोच की, पौंड गोठला तरी आपल्याला रुपये जास्तच मिळतात', असे समाधान परत आलेल्यांच्या गप्पांत हमखास ऐकू येते. हिशोब करून पाहावा. 2001मध्ये पौंड 67-68 रुपयांना होता, 2025मध्ये 115च्या आसपास गेला. म्हणजे पावणेदोन पटही नाही. त्याच काळात औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकानुसार आपल्याकडच्या किमती सुमारे चौपट झाल्या. 2001मध्ये आठवड्याला 72.50 पौंडांवर थांबलेल्या माणसाचे आज निम्म्याहून अधिक गेले आहे. रुपया घसरल्याने थोडी फुंकर बसते, एवढेच.

अमेरिकेतून परतणाऱ्यांचे दुखणे याच्या उलटे आहे. तिथल्या सोशल सिक्युरिटीचे 40 क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी, भरली की भारतीय नागरिकाला ती पेन्शन भारतात मिळते आणि महागाईची वार्षिक वाढही मिळते. पण दहा वर्षे भरली नाहीत तर एच-वन-बी व्हिसावर सात-आठ वर्षे भरलेले हप्ते निवृत्तीच्या वेळी हाती लागत नाहीत, कारण दोन देशांतली वर्षे एकत्र धरण्याचा करार भारत-अमेरिकेत नाही. तसा सामाजिक सुरक्षा करार भारताचा जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, जपान अशा वीसेक ठिकाणी आहे. बेल्जियमबरोबरचा पहिला, तो 2009मध्ये लागू झाला.

आणि ब्रिटन? 24 जुलै 2025 रोजी भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. त्याच्या जोडीने तेव्हा ठरले की भारतीय कंपनीने तात्पुरते पाठवलेल्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या कंपन्यांना तीन वर्षांपर्यंत दोन्ही देशांत हप्ते भरावे लागू नयेत. आपल्या आयटी कंपन्यांचा यात घसघशीत फायदा आहे, आणि तो मिळवलाही पाहिजे होता. पण ही सवलत हप्त्यांची आहे, पेन्शनवाढीची नव्हे. चाळीस वर्षांपूर्वी एकट्याने विमानात बसून गेलेल्या आणि आयुष्यभर पूर्ण हप्ते भरलेल्या माणसासाठी त्यात ओळही नाही.

परतायचा विचार करणाऱ्याने म्हणून दोन पेन्शनींची तुलना पहिल्या वर्षाच्या रकमेवर करू नये, विसाव्या वर्षाच्या रकमेवर करावी. स्टेट पेन्शनसाठी किमान दहा आणि पूर्ण रकमेसाठी 35 वर्षे लागतात. कमी पडणारी वर्षे परदेशातूनही आठवड्याला 3.50 पौंड भरून विकत घेता येत. 2025-26मध्ये 182 पौंड भरले की वर्षाला सुमारे 342 पौंडांची पेन्शन वाढे, तीही मरेपर्यंत. इतका स्वस्त सौदा टिकणे कठीणच होते. नोव्हेंबर 2025च्या अर्थसंकल्पात एप्रिल 2026पासून हे दार बंद करण्याचे जाहीर झाले. आता परदेशातून भरायचे तर याच्या कित्येक पट महागडा हप्ता, आणि त्यासाठीही आधी दहा वर्षांचे वास्तव्य किंवा हप्ते हवेत. सरकारी पेन्शनची गणिते अशी एका भाषणात बदलतात. शिवाय हयातीचा दाखला आहेच. आपल्याकडे तो नोव्हेंबरात बँकेत द्यायचा हे अंगवळणी पडलेले असते; ब्रिटनचा कागद पोस्टाने कधीतरी येतो, त्यावर साक्षीदाराची सही लागते, आणि तो मुदतीत परत गेला नाही तर पेन्शन थांबते. पत्ता बदलला की आधी तिकडे कळवा.

ब्रिटनवर टीका करताना एका गोष्टीने मात्र जीभ अडखळते. आपल्या खासगी क्षेत्रातल्या कामगारांची ईपीएस-95 ही पेन्शन देश न सोडताच गोठलेली आहे. 15,000 रुपयांच्या पगारमर्यादेवर 35 वर्षांच्या सेवेचे सूत्र लावले तर महिना 7,500 रुपये येतात. किमान पेन्शन सप्टेंबर 2014मध्ये 1,000 रुपये ठरली. महागाई भत्ता नाही. गिरणीतला, साखर कारखान्यातला, एसटीतला निवृत्त माणूस पहिल्या महिन्याला जी रक्कम घेतो तीच शेवटच्या महिन्याला घेतो, आणि शेजारच्या सरकारी पेन्शनरचा भत्ता वर्षातून दोनदा वाढताना पाहतो. बुलढाण्यातून उभ्या राहिलेल्या या पेन्शनरांच्या आंदोलनाची मुख्य मागणी किमान 7,500 रुपये आणि वर महागाई भत्ता, अशी आहे.

ब्रिटनशी पेन्शनवाढीचा करार भारताने मागायलाच हवा, आणि व्यापाराची बोलणी पुन्हा निघतील तेव्हा परतलेल्या डॉक्टरांनी, परिचारिकांनी आपापल्या खासदारांना पत्रे लिहून तो विषय पटलावर आणायला हवा. पण दिल्लीने मागायला जाण्याआधी तो 1,000 रुपयांचा आकडा बदलावा. नाहीतर लंडनचा अधिकारी तोच आकडा पुढे करेल, आणि त्याला द्यायला आपल्याकडे उत्तर नसेल.