सेतूपलीकडचा माणूस

आपल्या भाषेत ‘मेल्यात जमा’ असा एक शब्दप्रयोग आहे. जो हालत नाही, बोलत नाही, हाकेला ओ देत नाही, त्याला जिवंतपणीच त्या खात्यावर टाकून आपण मोकळे होतो. हा हिशेब मांडण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला, हा प्रश्न मुळात नीतीचा. परंतु मेंदूतल्या जेमतेम एका इंचाने त्याला जी धार आणली आहे, तिच्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटते.

मेंदूच्या तळाशी मस्तिष्कस्तंभ असतो. त्याचा वरचा भाग मध्यमस्तिष्क, खालचा लंबमज्जा, आणि या दोहोंमध्ये पुढच्या अंगाला फुगलेला, सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीचा भाग म्हणजे सेतू. बोलोन्याच्या कोस्तान्झो व्हारोलियो याने मेंदू वरून कापत येण्याची रूढ रीत सोडून तो कवटीबाहेर काढला आणि तळाकडून पाहिला. १५७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथामुळे हे नाव रूढ झाले. पुढे दोनच वर्षांनी, ऐन बत्तिशीत तो वारला. सेतू म्हटला की आपल्या मनात वानरांनी बांधलेला सेतू उभा राहतो. हा सेतू त्याहून पुष्कळ गजबजलेला आहे. मोठ्या मेंदूची आज्ञा हातापायांकडे, जिभेकडे, गळ्याकडे नेणारे तंतू याच्या पुढच्या भागातून उतरतात. लहान मेंदूकडे जाणारे आडवे तंतूही येथूनच निघतात. मागच्या भागात मेंदूच्या बारा जोड्यांपैकी चार मज्जातंतूंचा संसार आहे. पाचवा चेहऱ्याचा स्पर्श आणतो व चावण्याचे स्नायू चालवतो, सहावा डोळा बाहेरच्या बाजूस वळवतो, सातवा चेहऱ्यावर हसू आणतो आणि पापणी मिटतो, आठवा ऐकू आणतो व तोल सांभाळतो. सातव्याची एक मौज सांगण्याजोगी आहे. आपल्या केंद्रातून निघाल्यावर तो सरळ बाहेर पडत नाही. सहाव्याच्या केंद्राला मागून वळसा घालून मगच वाट धरतो. देवळातून निघताना प्रदक्षिणा घालणाऱ्या भाविकाची आम्हांस आठवण होते. याच मागच्या भागात जागृती राखणारे तंतूंचे जाळेही पसरलेले आहे.

आता सेतूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीत गुठळी अडकली आणि केवळ पुढचा भाग निकामी झाला, तर काय होईल? हातपाय गेले, वाचा गेली, गिळणे गेले, चेहरा निर्विकार झाला. डोळे डावी-उजवीकडेही वळेनात. पण मागचे जाळे शाबूत राहिले तर जाणीव पूर्ण जागी असते. कान ऐकतात. डोळे वर-खाली करण्याचे केंद्र आणि पापणी उचलणारा तिसरा मज्जातंतू हे वरच्या मध्यमस्तिष्कात असल्याने तेवढी एक खिडकी उघडी राहते. फ्रेड प्लम आणि जेरोम पोस्नर या अमेरिकन वैद्यांनी १९६६ साली या अवस्थेला जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘आत कोंडलेला’ असाच होतो. कादंबरीकार द्यूमा याने मात्र १८४४ ते १८४६ या काळात लिहिलेल्या ‘मॉन्ते क्रिस्तोचा काउंट’ या कादंबरीतच असा एक वृद्ध रंगवला होता. त्याची नात शब्दकोशावर बोट फिरवी, तो डोळ्यांनी होय-नाही सांगे, आणि एवढ्याच बळावर त्याने नोटरीसमोर आपले मृत्युपत्र केले.

आमच्या मते खरा पेच येथेच आहे. समोरच्याला मन आहे हे आपण त्याच्या उत्तरावरून ताडतो. पण उत्तर देणे हे स्नायूंचे काम आहे, मनाचे नव्हे. स्नायू मुके झाले म्हणून मन संपले असे म्हणणे म्हणजे पूल कोसळला म्हणून पलीकडचे गाव बुडाले असे म्हणण्यासारखे होय. आणि आपण तसे नुसते म्हणत नाही, वागतोही तसेच. अशा खाटेशेजारी बसून जमिनीच्या वाटण्या बोलल्या जातात, ‘आता सुटला तर बरे’ असे म्हटले जाते, येणारेजाणारे मान हलवून जातात. आठवा मज्जातंतू हे सारे आत पोचवीत असतो. असा रोगी शुद्धीवर आहे हे कळण्यास महिने लागल्याची उदाहरणे नमूद आहेत, आणि अनेकदा ते वैद्यांच्या आधी घरच्या माणसांनी ओळखले आहे.

यावर कोणी म्हणेल, मग मृत्यू ठरवायचा तरी कसा? आक्षेप रास्त आहे. भारतात १९९४ च्या अवयव-प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू मान्य केला. पण त्यासाठी स्तंभाचे सर्व कार्य कायमचे थांबलेले असावे लागते. बुबुळाला कापसाचा स्पर्श केला असता पापणी मिटते की नाही, हे पाहणे म्हणजे पाचवा ते सातवा ही सेतूतली वाट तपासणे. तेवढ्यावर भागत नाही. प्रकाशाने बाहुली आकुंचन पावते काय, श्वास आपला आपण चालतो काय, हेही पाहावे लागते आणि तपासणी सहा तासांनी पुन्हा करावी लागते. कोंडलेल्या माणसाची बाहुली आकुंचन पावते. कायद्याने ‘सर्व’ हा शब्द घातला, तो शहाणपणाचा म्हटला पाहिजे.

‘असे जगण्यापेक्षा मेलेले बरे’ हे मत तर आपण रोग्याच्या वतीने बेधडक देऊन टाकतो. २०११ साली बेल्जियममधील संशोधकांनी अशा ६५ जणांची उत्तरे प्रसिद्ध केली. त्यांपैकी ४७ जणांनी आपण सुखी असल्याचे सांगितले. १८ जणांनी दुःखी असल्याचे कळवले, तेही विसरता कामा नये. प्रश्नावलीला मुळात उत्तरच न देणारे काय म्हणाले असते, हा संशयही आम्ही बाळगतो. पण बाहेर बसून एकच निकाल लावणाऱ्यांना या आकड्यांत आधार नाही.

फ्रेंच संपादक झाँ-दोमिनिक बोबी याला ८ डिसेंबर १९९५ रोजी असा झटका आला. त्याच्यासाठी अक्षरे फ्रेंचमधील वापराच्या क्रमाने लावून ती एकेक म्हणत. हवे ते अक्षर आले की तो डावी पापणी मिटे. असे त्याने एक पुस्तक सांगितले. ते मार्च १९९७ मध्ये निघाले आणि ९ मार्चला तो गेला. मराठी वा कोंकणी माणसावर हा प्रसंग आला तर आपली वर्णमाला बहुधा अधिक सोयीची पडेल. आधी वर्ग विचारावा, मग वर्गातले अक्षर, मग काना की वेलांटी. ‘पाणी’ एवढा शब्द लिहिण्यास प-वर्ग, त्यातला पहिला, काना, ट-वर्ग, त्यातला शेवटचा, दीर्घ वेलांटी असे सहा होकार लागतील. जोडाक्षरांसाठी हलन्ताची एक खूण आधीच ठरवून ठेवावी लागेल.