न दिसण्याची आठ कारणे आणि तेरावे चॅनल

हल्ली प्रवचनात एक दाखला हमखास येतो. बुवा मोबाइल वर धरून विचारतात, "वायफाय दिसतो का? दिसत नाही. पण आहे ना? मग देवाचं तसंच आहे, माउली." मंडपातले सगळे माना डोलावतात. मागे रेललेली कॉलेजची पोरेसुद्धा डोलावतात, कारण बुवांच्या तोंडून निदान एक तरी शब्द त्यांच्या ओळखीचा निघालेला असतो. मला हा दाखला पहिल्यापासून खटकतो. देवाशी माझे वाकडे नाही. शिमग्यात करंजेश्वरीची पालखी आमच्या चिपळुणातल्या पेठमापात आली की ओटीचे तबक घेऊन मी दारात उभी असतेच. पण जन्मभर शाळेत संस्कृत शिकवल्यामुळे कच्चा हेतू कानावर पडला की हात तांबड्या पेनाकडे जातो.

गेल्या पावसाळ्यात तो दाखला तपासायची संधी घरबसल्या चालून आली. भाच्याने न्यू जर्सीहून आणून दिलेला लॅपटॉप आमच्याच घरातला राउटर ओळखेना. रात्री लाइट गेली, पहाटे आली, आणि तेव्हापासून हे सुरू झाले. लॅपटॉपच्या यादीत शेजारपाजारच्या सगळ्यांची नावे येत. आमचे तेवढे नाही. माझ्या मोबाइलवर मात्र आमचेच नाव सगळ्यात वर, दांड्या पूर्ण.

शेजारचे भाऊ बँकेतून निवृत्त झालेले, पक्के नास्तिक. लॅपटॉपवर एक नजर टाकून त्यांनी निकाल दिला, "बाई, राउटर गेला तुमचा. यादीत नाही म्हणजे नाही." मी मोबाइल पुढे केला. तो बघून म्हणाले, "हे आधीचं साठवलेलं असेल काहीतरी." माणूस एकदा 'नाही' म्हणाला की पुराव्यालाच कसा खोटा पाडतो, ते मला त्या दिवशी फार जवळून बघायला मिळाले.

ईश्वरकृष्णाच्या 'सांख्यकारिके'ची माझी प्रत २२ जुलै २०२१ च्या पुरात गेली. कपाटातल्या खालच्या तीन खणांचा लगदा झाला होता, त्यात तीही होती. पण सातवी कारिका पाठ आहे. असलेली वस्तूही न दिसण्याची आठ कारणे तिच्यात ओळीने दिली आहेत: फार लांब असणे, फार जवळ असणे, इंद्रियात दोष, मन ठिकाणावर नसणे, वस्तू अतिसूक्ष्म असणे, मध्ये आडोसा असणे, दुसऱ्या प्रबळ वस्तूने झाकोळणे आणि सारख्याच वस्तूंत मिसळून जाणे. टीकाकारांचे दाखलेही मजेदार आहेत. आकाशात उंच गेलेला पक्षी, स्वतःच्या डोळ्यातले काजळ, दिवसा सूर्यापुढे न दिसणारी नक्षत्रे, मुगाच्या राशीत पडलेला मूग. दीड हजार वर्षांपूर्वीची ही यादी हातात धरून मी लॅपटॉपला बसले.

लांब असणे आणि आडोसा ही दोन कारणे आमच्या घराला जन्मजातच चिकटलेली. घर जांभ्याच्या चिऱ्याचे, भिंती हातभर जाड. पुरानंतर इथे प्रत्येकाने मीटर, इन्व्हर्टर, फ्रीज शक्य तेवढे वर नेले; आम्ही राउटरही वरच्या मजल्यावर ठोकला. पावसाळ्यात चिरा पाणी पितो, आणि ओल्या भिंतीतून या लहरी कोरड्या भिंतीतल्यापेक्षा कष्टाने पार होतात. म्हणून लॅपटॉप उचलून वर नेला आणि राउटरच्या शेजारी ठेवला. तरी नाही. फार जवळ म्हणावे, काजळासारखे, तर लॅपटॉपवरच एक विमानाचे चित्र असलेले बटण असते. ते चुकून दाबले गेले की सगळा वायफाय बंद होतो आणि माणूस राउटरला शिव्या देत बसतो. ते बंदच होते. झाकोळण्याचे कारण म्हणून मायक्रोवेव्ह तपासला, कारण तोही २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच चालतो. तो गेले कित्येक महिने पापड भाजण्यापुरताच उरला आहे, आणि त्या वेळी तर प्लगही काढलेला होता. सारख्यात मिसळून जाण्याचे कारण खरे ठरू शकले असते, कारण आमच्या आळीत अर्ध्या घरांच्या राउटरना कंपनीने चिकटवलेलीच नावे आहेत. पण आमच्या राउटरला भाच्याने माझ्या माहेरच्या गावाचे नाव दिले आहे, त्यामुळे तीही शंका मिटली.

मन यंत्राला नसतेच, आणि मोबाइलला दिसणारी वस्तू अतिसूक्ष्म म्हणवत नाही. राहिला इंद्रियदोष. हे कारण मला सगळ्यात जवळचे वाटत होते, पण शेजाऱ्यांची नावे दिसत होती तिथे ते अडले. आंधळ्याला एकच माणूस दिसत नाही आणि बाकी सगळे दिसतात, असे कधी होत नाही. तरीही लॅपटॉप बंद करून चालू केला, भाच्याने फोनवर सांगितले तसे वायफायच्या कार्डाचा ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. यादी तशीच. आठही कारणे संपली आणि मी चक्क ईश्वरकृष्णावर चिडले.

दुपारी केबलवाल्यांकडचा पोरगा आला. माझाच विद्यार्थी, नववीत संस्कृत सोडून पळालेला. त्याने लॅपटॉप उलटा करून खालचे लेबल वाचले, हसला आणि म्हणाला, "बाई, ह्यो अमेरिकेचा ना? मग बरोबर." मोबाइलवरून राउटरच्या सेटिंगमध्ये शिरला, चॅनलपुढचे 'ऑटो' काढून तिथे ६ टाकले. राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि लॅपटॉपच्या यादीत माझे माहेर आले.

झाले होते ते असे. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चॅनले पाडलेली असतात. पहिल्याचा मध्य २४१२ मेगाहर्ट्‌झवर, अकराव्याचा २४६२ वर, तेराव्याचा २४७२ वर. भारतात हा पट्टा २००५ मध्ये कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मोकळा झाला आणि इथे एकपासून तेरापर्यंत सगळी चॅनले वापरतात. अमेरिकेत पट्ट्याच्या वरच्या कडेला लागून दुसऱ्या सेवा आहेत, त्यांना त्रास नको म्हणून बारा आणि तेरावर शक्तीची मर्यादा फार कडक आहे. मग तिथल्या बाजारासाठी कार्ड बनवणारे ती दोन चॅनले बंदच करून टाकतात. आमच्या राउटरने लाइट आल्यावर मोकळी जागा शोधली आणि तो जाऊन बसला तेरावर. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपले नाव पुकारत असतो. लॅपटॉप एकेका चॅनलवर क्षणभर थांबून ऐकतो, पण अकराच्या पुढे जातच नाही. राउटर पुकारत होता, लॅपटॉप ऐकत होता, दोघेही धडधाकट होते.

आठांतले हे कोणते कारण? नीट पाहिले तर कोणतेच नाही. इंद्रियाला इजा झालेली नव्हती. त्याची धावच तिथवर नव्हती. टीकाकार वाचस्पतिमिश्रांनाही हे आठ पुरले नसावेत, कारण कारिकेतल्या एका 'च'मध्ये त्यांनी नववे कारण बसवले: अजून प्रकट न होणे, जसे दुधात दही. पण माझ्या प्रश्नाचे नेमके उत्तर सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीकडे आहे. हा बौद्ध तार्किक म्हणतो की न दिसण्यावरून 'नाही' म्हणायचे असेल तर ती वस्तू आधी दिसण्याजोगी असली पाहिजे. समोर घडा असता तर दिसलाच असता. दिसत नाही, म्हणून नाही. हा तर्क चोख. पण पिशाच? ते मुळात दिसण्याजोगे नाही, म्हणून ते न दिसल्यावरून 'नाही' म्हणता येत नाही, आणि 'आहे' तर त्याहून म्हणता येत नाही. उरतो संशय. मुंजा, हडळ, देवचार यांची ये-जा असलेल्या आमच्या कोकणात हे वाक्य प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवावे असे मला वाटते, पण पोरे त्यातले अर्धेच वाचतील अशी भीती आहे.

नैयायिक याच अटीला योग्यता म्हणतात. भाट्ट मीमांसक तर 'न मिळणे', म्हणजे अभाव, हे ज्ञानाचे स्वतंत्र साधनच मानतात, आणि प्राभाकर ते साफ नाकारतात. आमच्या इथल्याच परशुराम-पेढ्यात १८८० साली जन्मलेल्या भारतरत्न पां. वा. काणे यांनी पूर्वमीमांसेवर मन लावून लिहिले, पण चिपळुणात त्यांचे नाव घेतले की लोकांना धर्मशास्त्राचा इतिहास आठवतो, मीमांसेतला अभाव नाही. असो.

उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'च्या तिसऱ्या स्तबकात चार्वाकाची फिरकी घेतली आहे. दिसत नाही ते नाहीच, असे मानायचे तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाला बायकापोरे दिसत नाहीत. तेव्हा ती नाहीतच असे समजून त्याने ऊर बडवून रडावे आणि घरी परतूच नये. ही गोष्ट मी अनेकांना हसत हसत सांगितली आहे. २०२१ च्या जुलैपासून हसून सांगवत नाही. वीज गेली, मोबाइलचे टॉवर गेले, आणि पुण्या-मुंबईची, परदेशातली चिपळूणकरांची मुले फोन लावत राहिली. फोनमधली बाई संपर्क होऊ शकत नाही एवढेच सांगत होती, कारण तिला तेवढेच माहीत होते. भाचा सांगतो, त्या रात्री 'मावशी नाही' असे मनात येऊ दिले नाही, आणि 'मावशी आहे' असे म्हणायची हिंमत होईना. आम्ही त्या वेळी वरच्या मजल्यावर बिस्किटांचा पुडा पुरवून पुरवून खात होतो. धर्मकीर्तीचा संशय त्या पोराने तिकडे न्यू जर्सीत रात्रभर सोसला.

इथवर भाऊंचा पराभव झाला असे बुवांना वाटेल. पण बुवांची वही अजून तपासायची आहे. लॅपटॉपला दिसत नसूनही राउटर आहे, हे मला श्रद्धेने कळलेले नव्हते. माझ्या हातात मोबाइल होता. दुसरा साक्षीदार होता, आणि तोही असा की भाऊंनी चष्मा लावून बघावे, केबलच्या पोराने आकडा बदलावा, आणि सगळ्यांना एकच दिसावे. 'तुला दिसत नाही, हा तुझा दोष' एवढ्यावर कोणतीही वस्तू सिद्ध होत नाही. तसे झाले तर माझ्या माळ्यावर दहा राउटर आहेत असे मी म्हणावे आणि तुम्ही आपल्या लॅपटॉपला दोष देत घरी जावे. संत हेच आमचे मोबाइल, असे बुवा म्हणतील. म्हणोत, शब्द हेही प्रमाण आहे, मी ते मोडीत काढणार नाही. मात्र मग दाखला वायफायचा देऊ नये, विश्वासू माणसाच्या शब्दाचा द्यावा, आणि त्या शब्दाची जबाबदारीही घ्यावी.

त्यापेक्षा मला आमचे शेरणे प्रामाणिक वाटते. शिमग्यात नवस बोललेले लोक नारळ जमिनीत पुरतात, आणि खांद्यांवर नाचणारी करंजेश्वरीची पालखी तो शोधते. भाऊ म्हणतात, खांदेकऱ्यांपैकी कुणाला तरी माहीत असते. असेलही. ढोलांच्या त्या दणक्यात, गुलालात, ते मला महत्त्वाचे वाटत नाही. पण शेरण्यात एक गोष्ट आहे जी प्रवचनात नसते: पालखी थांबली की सगळ्यांसमोर खणतात. नारळ निघतो किंवा निघत नाही.

सांख्यांनी तरी आठ कारणे कशासाठी दिली? देवासाठी नव्हे, ईश्वरकृष्णाने देवाचे नावही काढलेले नाही. त्याला सिद्ध करायची होती प्रकृती, आणि पुढच्याच कारिकेत तो सांगतो की ती दिसत नाही ती सूक्ष्म असल्यामुळे, आणि कळते ती कार्यावरून. म्हणजे न दिसण्याची सबब सांगून तो उठून गेला नाही. कार्य दाखवायला बसला. उदयनही तिसऱ्या स्तबकावर थांबला नाही. चार्वाकाचे तोंड बंद झाले म्हणजे ईश्वर सिद्ध झाला असे नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते, म्हणून पाचव्या स्तबकात त्याने बाजू मांडणारी प्रमाणे एकामागून एक रचली, आणि पहिले प्रमाण तेच: जग हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता हवा. आमचे बुवा तिसऱ्यावरच प्रसाद वाटून मोकळे होतात.

पाचवा स्तबक मला सगळा पटतो असेही नाही. कार्य आहे म्हणून कर्ता एकच, हे चिपळुणात राहून मानणे अवघड आहे. पुरानंतर कित्येक महिने सारे गाव त्या कार्याचा कर्ता शोधत होते. कुणी म्हणे अतिवृष्टी, कुणी म्हणे खाडीची भरती, कुणी बोट दाखवी कोळकेवाडीतून वाशिष्ठीत येणाऱ्या कोयनेच्या पाण्याकडे, कुणी नदीत साठलेल्या गाळाकडे. सभा झाल्या, उपोषणे झाली. शेवटी गाळ काढायची यंत्रे नदीत उतरली, कारण चौघांतल्या त्या एकालाच हात लावणे माणसांना शक्य होते. भाऊ त्या दिवसांत खुशीत होते. "बघा बाई, कर्ते चार निघाले, त्यात देव एकही नाही." मी म्हटले, पाचव्या स्तबकात याला काय उत्तर आहे ते आधी वाचा, मग भांडू. त्यांनी प्रत मागवली आहे. बुवांनाही वाचायला द्या म्हणतात. त्यांना मी तिसऱ्या स्तबकाच्या शेवटच्या पानावर खूण घालून देणार आहे.