हृदयाला प्रतिनिधी नाही

गृहस्थाची पुष्कळ कामे दुसऱ्यांच्या हातून होतात. शेत गडी नांगरतो, वस्त्र कोष्टी विणतो, घर गवंडी बांधतो. संसार असाच चालतो आणि त्यात दोष नाही. परंतु कामाप्रमाणे कर्माचे उत्तरदायित्वही दुसऱ्यावर सोपविता येईल काय? या प्रश्नाचा विचार करताना प्राचीन मिसर देशातील एक प्रथा उद्बोधक ठरते.

मृतास परलोकी आपल्या देहाची आवश्यकता असते, अशी मिसरी लोकांची श्रद्धा होती. म्हणून ते देह जतन करीत. नाकावाटे आकडी घालून मेंदू काढीत. डाव्या कुशीस छेद घेऊन फुफ्फुसे, यकृत, जठर व आतडी काढून ती निराळी ठेवीत. नेट्रॉन नावाच्या क्षारात देह सुकवून तो जवसाच्या तंतूंच्या कापडी पट्ट्यांनी गुंडाळीत. या विधीस सुमारे ७० दिवस लागत. मेंदू त्यांनी निरुपयोगी मानला. हृदय मात्र देहातच राहू दिले. बुद्धी आणि स्मृती यांचे स्थान ते हृदयात मानीत.

परलोकातही नांगरणी, पाणी देणे, वाळू वाहणे अशी कष्टाची कामे वाट्यास येतात, अशी त्यांची समजूत होती. त्यावर त्यांनी उपाय योजला. आरंभी मेणाच्या लहान मूर्ती घडवून त्या ममीप्रमाणे कापडात गुंडाळीत व मृताजवळ ठेवीत. पुढे लाकूड, दगड व निळी झिलई यांच्या ममीच्या आकाराच्या सुबक मूर्ती होऊ लागल्या. त्यांना उशब्ती म्हणत. कित्येकींच्या हाती कुदळ असे. धन्याला कामाचे बोलावणे येताच त्याच्याऐवजी मूर्तीने ओ द्यावी, अशा आशयाचा मंत्र तिच्यावर कोरीत. १९२२ साली सापडलेल्या तुतानखामेन राजाच्या थडग्यात अशा ४१३ मूर्ती होत्या: वर्षाच्या प्रत्येक दिवसास एक याप्रमाणे ३६५ कामकरी, त्यांच्यावर ३६ मुकादम आणि दर महिन्याचा एक असे १२ वरिष्ठ.

परंतु उशब्तीची धाव शेतापर्यंतच होती. ओसायरिस देवाच्या न्यायसभेत तराजूच्या एका पारड्यात मृताचे हृदय आणि दुसऱ्यात सत्याची देवता माआत हिचे पीस ठेवले जाई. पापाने जड झालेले हृदय एक भयंकर श्वापद गिळून टाकी. त्या पारड्यात सेवकाचे हृदय ठेवण्याची सोय ज्यांनी ४१३ सेवक घडविले त्यांनाही सापडली नाही. तेथेही एक पळवाट त्यांनी शोधलीच. शेणकिड्याच्या आकाराचा ताईत छातीवर ठेवून, आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस, अशी विनवणी ते हृदयास करीत. पण ज्या साक्षीदारास काही ठाऊकच नाही, त्याला मौनाची विनवणी कोण करील? हृदयाला सर्व ठाऊक आहे, याची कबुलीच त्या ताईतात आहे.

या मूर्तींना हसण्यापूर्वी आपल्या घरात पाहावे. वृद्ध पित्याच्या सेवेस माणूस नेमून महिनोन्महिने त्याच्या खोलीत न डोकावणारा पुत्र उशब्तीच घडवीत असतो. अन्यायाने मिळविलेल्या द्रव्यातून दान देऊन निश्चिंत होणारा छातीवर ताईतच बांधीत असतो. पोटासाठी दूर राहणाऱ्यास सेवक नेमावा लागतो, हे खरे. तो दोष नव्हे. सेवकाने पाय चेपावेत, औषध द्यावे. परंतु पुत्राची माया त्याने कोठून आणावी? काम सोपविणे निराळे आणि स्वतः त्या कर्तव्यातून निघून जाणे निराळे.

गीतेने देहाला वस्त्राची उपमा दिली आहे. त्यामुळे देह राखण्याचा मिसरी खटाटोप गीतेच्या वाचकास पटणार नाही. तथापि हृदयाविषयी मिसरी माणसाने जे ओळखले, ते त्यासही मान्य व्हावे. कुरुक्षेत्रावर अर्जुनापाशी मोठी सेना होती आणि साक्षात भगवंत त्याचे सारथी होते. त्यांनी रथ हाकला, संशय फेडला. परंतु अर्जुनाचे धनुष्य अर्जुनालाच उचलावे लागले.