कुठून बोलताय?

घाबरलेला माणूस फोनवर काय झालं ते सांगत सुटतो; कुठे झालं, ते राहूनच जातं. ‘११२’ या आपत्कालीन क्रमांकावर किंवा मुंबई महापालिकेच्या ‘१९१६’ वर बसलेल्याला मात्र आधी ठिकाण हवं असतं. आणि आपले पत्ते तरी कसे? मारुतीच्या देवळामागे, जुन्या गिरणीसमोर. गिरणी पाडून जमाना झालेला असतो! त्या रडारडीतून नेमकी जागा काढून घ्यायची, जवळची गाडी धाडायची, समोरच्याला धीर द्यायचा, आणि हे सगळं स्वतःचा आवाज चढू न देता. नियंत्रण कक्षातल्या कामाचं कौतुक क्वचितच होतं. गाडी उशिरा आली की शिव्या मात्र पहिल्या तिथेच पडतात.

पण कक्षाला दिसतं ते कुणीतरी कळवलेलंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. दक्षिण मुंबईत खिडकीबाहेर बघणाऱ्याला उपनगरं बुडताहेत हे कसं कळावं? त्यात फोनही बंद पडलेले. पुढे महापालिकेने शहरात जागोजागी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, ते उगाच नाही.

माळीणला तर कळवायला फारसं कुणी उरलंच नव्हतं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या या गावावर डोंगर आला, दीडशेहून अधिक माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं एसटीच्या चालकामुळे. रोजच्या रस्त्यावर गाव दिसेना, म्हणून त्याने कळवलं.

म्हणून मला वाटतं, खणखणणाऱ्या फोनांइतकंच लक्ष न वाजणाऱ्यांकडे हवं. एखाद्या खोऱ्यात धुवाधार पाऊस चाललाय आणि तिथून रात्रभर एकही फोन नाही, याला खुशाली समजू नये. अशा रात्री कक्षातूनच फोन जावा: पोलीस पाटलाला, आशाताईला, मुक्कामी गाडीच्या चालकाला. आणि ही फोनाफोनी एकदा मे महिन्यातच करून बघावी. कुठल्या वाडीत रेंज नाही आणि कुणाचा नंबर कधीच बदललाय, ते तेव्हाच कळेल.